एक्केचाळिसावी गोणी

नगर जिल्ह्यातल्या एका गावात एक कांदा-बागायतदार राहत होता. घराणे पणजोबांपासून ख्रिस्ती. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे केले आणि पुढे जिल्ह्यात गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या. त्याच्या गावची मंडळी त्यांतलीच. रविवारची भक्ती त्याने कधी चुकवली नाही. दशांश वेळेवर द्यायचा. रेव्हरंड टिळकांची भजने टाळ घेऊन म्हणायचा आणि म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून यायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण तो ढोंगी नव्हता.

कापणीचा सण जवळ आला. या सणाला प्रत्येक घर आपल्या पिकातले काही ना काही वेदीपुढे आणून ठेवते: ज्वारीची कणसे, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी. भक्ती झाली की आवारात त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्याने साठवणीच्या चाळीतला गावरान कांदा एक्केचाळीस गोण्यांत भरला. चाळीस बाजाराच्या, एक देवाची. देवाच्या गोणीत जाणारा एकेक कांदा त्याने हातात फिरवून पाहिला. मान वाळली आहे ना, पत्ती घट्ट आहे ना, जोडकांदा तर नाही ना. बाजाराच्या गोण्यांत तळाला आणि तोंडाशी निवडक माल, मधोमध गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. हे काम त्याने रात्री एकट्याने केले. सकाळी कामावरच्या मावशींनी दाभण-सुतळी घेऊन सगळ्या गोण्यांची तोंडे शिवली.

शनिवारी मुलाने वीस गोण्या टेम्पोत घालून बाजार समितीत नेल्या आणि परत येऊन एक देवळात टाकली. गोण्या दिसायला सारख्या. देवाची गोणी बाजारात गेली, बाजाराची वेदीपुढे आली.

त्या रविवारी पाळकांनी आमोसाच्या पुस्तकाचा आठवा अध्याय घेतला. आमोस मेंढरे राखणारा, उंबराची झाडे सांभाळणारा माणूस. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात त्याने धान्याच्या व्यापाऱ्यांना खडसावले होते: शब्बाथ कधी संपतो आणि आपण दुकान कधी उघडतो, याची तुम्हाला घाई; माप लहान, वजन खोटे, आणि गव्हात भूस मिसळून विकता. शेतकऱ्याने मान डोलावली. शहरातले दोन-तीन व्यापारी त्याच्या डोळ्यांपुढे आले. स्वतःची चाळ आली नाही.

लिलावात ती गोणी मावशींनी घेतली, तीनशे रुपयांना. एक दिवसाची मजुरी.

सोमवारी सकाळी मावशी नातवाच्या सायकलवर गोणी घालून त्याच्या दारात आल्या. तोंड उसवलेले होते. मधली गोल्टी त्यांनी वर काढून ठेवली होती, बोराएवढी, काही काळवंडलेली.

तो खजील झाला. म्हणाला, "मावशी, ही देवाची नव्हं. पोरानं अदलाबदल केली. थांबा, तुम्हाला दुसरी भरून देतो."

"दुसरी मागाया नाही आले, दादा," मावशी म्हणाल्या. "भरली तुम्ही, पण तोंड मी शिवलं. माझ्या शिवणीत हे निघालं, म्हणून आले."

"तुमचा काय दोष त्यात?"

"एक देवाची हाय, हे मला कुठं सांगितलं होतं? मी एक्केचाळीसही सारख्याच शिवल्या."

एवढे बोलून त्या कामाला लागल्या. उसवलेल्या सुतळीचा तुकडा मात्र तिथेच राहिला. शेतकरी तो उचलून बघत बसला. टाक्यांच्या खुणा एकसारख्या, बोटभर अंतरावर, शेवटी दुहेरी गाठ. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हते, भजनाची चालही नेमकी जमत नसे. उपासना या शब्दाचा मूळ अर्थ जवळ बसणे. देवाच्या सगळ्यांत जवळ कोण बसले होते, ते त्याला त्या टाक्यांत दिसले. आठवड्यातला एक तास देवाला आणि उरलेले 167 बाजाराला, ही वाटणी त्याने स्वतःच करून घेतली होती. पौलाने रोमकरांना लिहिताना आपली शरीरेच अर्पण करा असे सांगितले. गोल्टी लपवणारे हात काय त्या शरीराबाहेर होते?

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे की, वेदीपाशी दान आणलेस आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवले, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. शेतकऱ्याने आडत्याला फोन लावला. "माझ्या वीस गोण्यांत मधी गोल्टी हाय. भावातून कापा."

आडत्या क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "एक गोणी मात्र तळापर्यंत एकसारखी निघाली."

चाळीत राहिलेल्या वीस गोण्या त्याने त्याच दुपारी ओतल्या. गोल्टी वेगळी केली आणि गोल्टी म्हणूनच विकली. भाव कमी आला. त्या वर्षी विहिरीवरची नवी मोटर राहून गेली, बायकोची बोलणीही खावी लागली.

पुढच्या वर्षी कापणीच्या सणाला मुलाने विचारले, "दादा, देवळात कुठली गोणी न्यायची?" तो कांदे निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "दाराजवळची कुठलीही उचल."