भोंग्याचे कुंपण

मंदी आली की दारू वाढते, हे आपण गृहीतच धरून चालतो. आकडे तसे सांगत नाहीत. अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर रूम यांनी अमेरिकेतील नोंदी तपासल्या, तेव्हा बेकारीच्या काळात मद्याचा एकूण खप घटलेला दिसला. खिसा रिकामा झाला की माणूस हात आखडता घेतो. पण त्याच देशाबद्दल थॉमस डी यांनी २००१ मध्ये दाखवले, की एकूण पिणे उतरत असतानाही एका बैठकीत बेसुमार पिणे वाढत होते, आणि तेही नोकरी टिकलेल्यांमध्येसुद्धा. बरेच जण थोडे कमी पितात, काही जण बुडतात. सरासरीत हे बुडणारे दिसत नाहीत.

यामुळे मला मुंबईचे गिरणगाव आठवते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला कापड गिरणी कामगारांचा संप ही अर्थशास्त्राच्या व्याख्येतली मंदी नव्हे. पण अडीच लाखांच्या आसपास कामगारांची मिळकत थांबली आणि कित्येकांना गिरणीने परत घेतलेच नाही. कामगार आधी पीत नव्हता असे मुळीच नाही. पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहत, नवरा गुत्त्याकडे वळण्याआधी पैसे हाती यावेत म्हणून. तरी त्या पिण्याला गिरणीच्या भोंग्याचे कुंपण होते. पहिल्या पाळीला साच्यावर उभे राहायचे. हात थरथरला तर जॉबर, म्हणजे मुकादम, ओरडणार, खाडा पडला तर पगार कापला जाणार. भोंगा थांबला आणि वेळेवर पोहोचायचे ठिकाणच उरले नाही. बायको पोळीभाजीचे डबे करून घर चालवू लागली, तेव्हा त्याच घरात दिवसभर बसण्याची शरम चणचणीपेक्षा जड झाली असावी, असे मला वाटते.

पैसा आटला म्हणून व्यसन सुटत नाही, माणूस देशीवरून हातभट्टीवर येतो. हातभट्टीची नवटाक अबकारी खात्याच्या हिशेबात येत नाही. म्हणून खप घटल्याचा आकडा खरा असला तरी अपुरा असतो. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली, ती अशाच स्वस्त दारूतल्या मिथेनॉलने. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांवर घाला घालते.

अडचणीतले सरकारही बाटलीकडेच वळते. हातावर पोट असलेले टाळेबंदीमुळे घरी बसलेले असताना मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडली, कारण तिजोरीला महसूल हवा होता. त्याचा राग मला अजून आहे. दुकाने उघडायचीच होती, तर त्याच आठवड्यात व्यसनमुक्तीचे उपचार रोजंदारीच्या वस्त्यांपर्यंत न्यायला हवे होते. दारू अचानक तुटलेल्या व्यसनी माणसाला झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. त्याला डॉक्टर लागतो.