बोरीकाठचा कांट

कृष्णचंद्र भट्टाचार्यांचे ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हे छोटेखानी पुस्तक १९३० मध्ये छापले गेले. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानातले ते बहुधा सर्वांत अवघड पुस्तक असेल, आणि माझ्या मते सर्वांत मोलाच्या पुस्तकांपैकी एक. ते ना कलकत्त्याहून निघाले ना लंडनहून. ते निघाले अमळनेरहून. तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातले, बोरी नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. लोकांना ते माहीत होते सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी आणि कापसासाठी. त्या पुस्तकात एक बंगाली तत्त्वज्ञ इंग्रजीत एका जर्मन माणसाशी वाद घालत होता, आणि छपाईचा खर्च एका मारवाडी गिरणीमालकाच्या संस्थेने उचलला होता.

तो गिरणीमालक म्हणजे श्रीमंत प्रतापशेठ, आणि ती संस्था म्हणजे तत्त्वज्ञान मंदिर. स्थापना १९१६ ची. ते साल सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. त्या वर्षी व्हर्दनला जर्मन आणि फ्रेंच सैन्ये एकमेकांना भरडत होती, साम्राज्याच्या बाजूने हिंदी शिपाई परमुलखात मरत होते आणि ‘जर्मन’ हा सरकारी भाषेत शत्रूला समानार्थी शब्द झाला होता. अशा वेळी खानदेशात एक घर उभे राहिले, आणि पुढे त्यात वेदान्ताच्या शेजारी कांट वाचला जाऊ लागला. तो वाचायचा तर इंग्रजीतून. कांटच्या ‘शुद्ध बुद्धीच्या मीमांसे’चे एक इंग्रजी भाषांतर १८८१ मध्ये मॅक्समुल्लरने केले होते. म्हणजे ज्याला आपल्या शास्त्रीमंडळींनी कौतुकाने भट्ट मोक्षमुल्लर केले, ज्याने सायणभाष्यासह ऋग्वेद छापून युरोपच्या हाती दिला, त्याच माणसाने कांटही इंग्रजीच्या वाटेवर आणून सोडला. देवाणघेवाण म्हणतात ती इतकी सरळ क्वचितच दिसते.

जर्मन विचारवंतांचा युरोपवरचा प्रभाव सांगताना वंशावळ मांडायची पद्धत आहे. कांटपासून हेगेल, हेगेलपासून मार्क्स, बाजूच्या फांदीवर शोपेनहौअर आणि नीत्शे. वंशावळ खोटी नाही, पण तिच्यात राज्यकर्ते दिसत नाहीत, आणि जर्मन विचाराची गोष्ट त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. सॅक्सनीच्या फ्रेडरिकने वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवले नसते तर ल्यूथरचे काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. कांटचेही तसेच. प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक गादीवर होता तोवर त्याला मोकळीक होती. १७८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कांटने त्या राजाची पाठही थोपटली. हा राजा प्रजेला हवा तेवढा वाद घालू देतो आणि आज्ञा मात्र पाळून घेतो, असा त्याचा आशय. पुढचा राजा, दुसरा फ्रेडरिक विल्यम, सनातनी निघाला. धर्मावरच्या लेखनाबद्दल १७९४ मध्ये त्याच्या दरबारातून कांटला तंबी आली. सत्तरीचा हा म्हातारा झगडला नाही. ‘महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन’ या नात्याने यापुढे धर्मावर बोलणार नाही, असे त्याने लिहून दिले. १७९७ मध्ये राजा वारला. कांट म्हणाला, मी प्रजाजन होतो तो त्या महाराजांचा. आता वचन संपले. आणि पुढच्याच वर्षी त्याने तो पत्रव्यवहार छापून टाकला.

या गोष्टीवर मला आधी हसू येते आणि मग ते ओसरते. वचनातली पळवाट शोधणारा हा वकिली कावा थेट आपल्याकडच्या तलाठी कार्यालयात शोभला असता. पण त्यामागची समजूत गंभीर होती. बुद्धी स्वतंत्र, वर्तन आज्ञाधारक. प्रजेला बंडाचा हक्क नाही, असे कांटने स्पष्ट लिहिले आहे, आणि तेही फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल मनात आस्था असताना.

तत्त्वज्ञान मंदिराने या माणसाचे काय केले? ‘प्रभाव’ हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. आपल्या शास्त्रार्थात प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षाही नीट मांडायचे आणि मग उत्तराला लागायचे, अशी रीत आहे. कांट हा अमळनेरात पूर्वपक्ष होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्याला जग कळते ते आपल्या बुद्धीच्या साच्यांतून, साच्यापलीकडची वस्तू कळत नाही. आत्म्याचेही तेच. नीतीसाठी तो मानावा लागतो, पण त्याचे ज्ञान होत नाही. वेदान्त्याला हे ऐकून झोप कशी लागावी? जे सर्वांत जवळचे, तेच अज्ञेय! भट्टाचार्यांनी कांटला झिडकारले नाही. त्याच्याच वाटेने ते चालत राहिले. आधी देहाशी जडलेला ‘मी’, मग मनातला, मग त्याहूनही सुटा. एकेका पायरीवर वस्तूंच्या जगापासून वेगळा होत जाणारा हा ‘मी’ जाणता येतो, आणि ते जाणणे म्हणजेच मोकळे होणे, असे त्यांचे उत्तर. १९३३ ते १९३५ या काळात ते मंदिराचे संचालक होते. परक्या कल्पना तुलना न करता, न झगडता आत येतात तेव्हा खरी गुलामी सुरू होते, असे त्यांनी ‘विचारातले स्वराज्य’ या व्याख्यानात मांडले होते. ते त्यांनी स्वतः कसे आचरले, हे ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ दाखवते.

मंदिरात मलकानी होते, रासविहारी दास होते, टी. आर. व्ही. मूर्ती होते. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक इथूनच निघे. दासांनी पुढे कांटवर विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. मूर्तींनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात बौद्ध आचार्य नागार्जुनाला कांटशेजारी बसवले. तो ग्रंथ मोठाच, तरी त्यातला नागार्जुन अधूनमधून जरा जास्तच प्रशियन वाटतो. पूर्वपक्षाशी फार दिवस राहिले की त्याची बोली लागते.

पण मंदिराच्या भिंतीबाहेर गिरणी होती. तिथे दुसरा जर्मन उभा होता, बोलावणे नसलेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरचा कापूस अडला, आणि व्यापाऱ्यांच्या नजरा खानदेश-वऱ्हाडाकडे वळल्या. भाव चढले, युद्ध संपताच कोसळले. त्याच वर्षांत लंडनमध्ये कार्ल मार्क्स ‘भांडवल’ लिहीत होता, आणि त्या कापूसटंचाईची चर्चा त्या ग्रंथात आहे. आमच्या काळ्या रानातले बोंड असे जर्मन अर्थशास्त्राच्या कडेला चिकटलेले आहे. कपाशीतून पेढ्या, पेढ्यांतून गिरणी, गिरणीतून मंदिर, मंदिरात कांट: हा क्रम मार्क्सला दाखवला असता तर त्याने फक्त दाढी कुरवाळली असती. शुद्ध बुद्धीच्या मीमांसेचा खर्च सूत कातणाऱ्यांच्या पाळ्यांतून निघत होता. यामुळे भट्टाचार्यांचे पुस्तक एका ओळीनेही हलके ठरत नाही. पण ही गोष्ट मंदिराच्या कौतुकात सहसा येत नाही, म्हणून नोंदवली.

हे दोन्ही जवळून पाहिलेला एक तरुण होता. पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी मंदिरात आला, फार काळ राहिला नाही, आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. १९३० मध्ये शाळा सोडून सत्याग्रहात गेला. पुढे साने गुरुजी शेतकऱ्यांत आणि गिरणी कामगारांत मिसळले, हे खानदेशला सांगायला नको. कांटच्या ‘वाद घाला, आज्ञा पाळा’ या वाटणीला मिळालेले हे दुसरे उत्तर, ग्रंथात न लिहिलेले. सत्याग्रही आज्ञा मोडतो, पण लपूनछपून नाही. शिक्षा मागून घेतो. हे बंड कांटच्या चौकटीत बसत नाही आणि आज्ञापालनही नाही. चौकट अपुरी होती हे युरोपला फार महाग पडून कळले. १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात नाझी अधिकारी आइकमनने सांगितले की आपण आयुष्यभर कांटच्या कर्तव्यनीतीने वागलो. कांटच्या नीतीचा आत्माच त्याने उलटा केला होता. पण आज्ञेचा तेवढा भाग त्याला पाठ होता.

अमळनेरहून धुळे लांब नाही. १९३२ च्या २१ फेब्रुवारीला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, १९ जूनपर्यंत अठरा. ऐकणाऱ्यांत राजबंदी होते. सरकारची आज्ञा मोडून झाली होती, म्हणून तर ते तिथे होते; बोलायला मात्र तुरुंगात मज्जाव नव्हता. प्रशियाच्या राजाने घातलेली अट अशी नेमकी उलटी होऊन धुळ्याच्या त्या आवारात बसली होती, आणि कोपऱ्यात साने गुरुजी झरझर लिहून घेत होते.