पाणी मातीचा आधार काढून घेतं तेव्हा

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी. महिना तोच, पाऊसही तसाच धो धो. आपण नशिबाला बोल लावतो. पण डोंगर सरकतो तो हिशेबानं, आणि त्या हिशेबाचं मूळ शाळेतल्या त्रिकोणमितीत आहे.

तीस अंशांचा उतार घ्या. त्यावरच्या एक घनमीटर कोरड्या, सुट्या मातीचं वजन अठराशे किलो धरू. निम्मं, म्हणजे नऊशे, तिला उतारावरून खाली ओढतं. त्याच वजनातून साडेपंधराशेचा दाब खालच्या थरावर पडतो आणि या दाबातूनच घर्षण मिळतं. ते दाबाच्या सात दशांश धरलं, तर जवळजवळ अकराशे. ओढ नऊशेची, आधार अकराशेचा. उतार उभा राहतो.

आता पावसानं ठाण मांडलं. माती वरपर्यंत पाण्यानं भरली आणि पाणी उतारालगत झिरपू लागलं. वजन दोन हजारांवर गेलं, ओढ हजारावर. ही वाढ तशी थोडी. खरा घात दाबाच्या बाजूला होतो. विहिरीत बुडालेली घागर हाताला हलकी लागते, तसं कणांमधलं पाणी मातीला आतून उचलून धरतं. सव्वासतराशेच्या दाबातले साडेआठशेच्या आसपास उरतात आणि घर्षण सहाशेवर येतं. ओढ मात्र हजाराची!

पाण्यानं माती निसरडी होते, एवढंच आपण समजत आलो. मृदा-अभियंते कार्ल टेर्झागी यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं, की मातीची ताकद कणांनी कणांवर दिलेल्या दाबात असते आणि पाणी नेमका तोच कमी करतं. मातीचा चिकटपणा आणि झाडांची मुळं हा तोटा काही अंशी भरून काढतात, म्हणून तर कित्येक डोंगर टिकून आहेत. मुळं तोडली, पायथा खणला, की तीही शिल्लक संपते.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हा मंत्र शेताला तारतो. घरांच्या डोक्यावरच्या तीव्र उताराला तो लावू नये. तिथं पाणी जिरू न देता बाजूला काढून द्यावं लागतं. मृगाआधी वरचे चर आणि गटारं मोकळी करा. जमिनीला भेग दिसली, झाडं कलली, झरा अचानक गढूळ झाला, तर पाऊस थांबायची वाट न पाहता घर सोडा.