शेजारच्या सणाचे ताट

सण कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. ज्याच्या पंचांगात तो लिहिला, त्याचा! पण पांढुर्णा आणि सौंसर या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाचे या उत्तराने समाधान होत नाही. कारण येथे पंचांगेच दोन आहेत. आपल्या घरी लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला होते; भिंतीपलीकडच्या हिंदी घरात तीच रात्र कार्तिकातली अमावस असते. पोळा आपल्याकडे श्रावणाच्या अखेरीस येतो, त्यांच्याकडे भादोंच्या मध्यावर. बैल तेच, झूल तीच, आकाशात चंद्र नसतो तोही दोघांना सारखाच. महिन्याचे नाव तेवढे निराळे.

दिवाळीआधीच्या वद्य चतुर्थीचे उदाहरण घ्या. हिंदी शेजारणीची ती करवा चौथ. आपल्या घरात त्याच दिवशी संकष्टी. दोघींचाही उपास चंद्रोदयानंतरच सुटतो. अलीकडे आपल्या काही घरांतल्या लेकीसुना शेजारणींबरोबर गच्चीवर जातात, करवा पूजतात, चाळणीतून चंद्र पाहतात; आणि खाली येऊन गणपतीची आरती म्हणून मोदकाचा नैवेद्य दाखवतात. घरातली वडील मंडळी याला दोन डगरींवर पाय म्हणतात. तरुण मंडळी म्हणतात, चंद्र एकच तर आहे! यात खरे कोणाचे? हा लोकांना खूश ठेवण्याचा प्रकार आहे, की आणखी काही?

हा पेच एकट्या आपल्यापुढचा नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे आभाराचा सण असतो. १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी तो राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला आणि १९४१ च्या कायद्याने त्याचा वार पक्का झाला. त्या दिवशी भाजलेला टर्की पक्षी ताटात हवाच, असा शिरस्ता. तेथील स्पॅनिशभाषक घरांनी हा सण नाकारला नाही, आणि जसाच्या तसा घेतलाही नाही. प्वेर्तो रिकोची माणसे टर्कीला लसूण आणि ओरेगानो चोळतात, आपल्याकडचे डुकराचे मांस भाजावे तसा तो पक्षी भाजतात आणि सोबत तुरीच्या दाण्यांचा भात रांधतात. मेक्सिकन घरात टर्कीवर सुक्या मिरच्यांचा दाट 'मोले' येतो. शेजारी मक्याच्या पिठाचे तमाले असतात. आपले पानगे पळसाच्या पानात भाजतात, तमाले कणसाच्या सालीत वाफवतात, एवढाच काय तो फरक.

या लोकांपैकी सगळेच काही बाहेरून आलेले नाहीत. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिकोतली कुटुंबे जागच्या जागी दुसऱ्या देशात गेली. माणसे हलली नाहीत, सीमा हलली. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी ती भोपाळ झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातलाच. जाम नदी आहे तेथेच आहे, संत्र्याच्या बागा आहेत तेथेच आहेत.

मग अशा माणसाने शेजारच्या सणाला कोणते ताट वाढावे? मला वाटते, आभार उसने आणून मानता येत नाहीत. शेजाऱ्याच्याच घरची गुजिया त्याला परत नेऊन दिली, तर तो हिशेब झाला. आपली करंजी, आपली सांबारवडी, आपली पुरणपोळी नेली, तर आपण स्वतःतले काही दिले. परक्या सणात आपला पदार्थ घालणे म्हणजे भेसळ नव्हे. तो सण मनापासून स्वीकारण्याचा हाच प्रामाणिक मार्ग आहे. अट एकच. ते ताट उंबरठ्याबाहेर गेले पाहिजे. दार लावून आपलेच खाल्ले तर तो हट्ट, आणि आपले टाकून त्यांचेच खाल्ले तर ती खुशामत.

शिवाय 'आपले' आणि 'त्यांचे' ही वाटणी तरी कोठवर टिकते? टर्की हा यजमानांचा पदार्थ समजला जातो. पण तो पक्षी प्रथम माणसाळवला मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांनी. स्पॅनिशांनी तो युरोपात नेला आणि इंग्रजांबरोबर तो पुन्हा अमेरिकेत उतरला. आणि ज्या ठेच्यावर आपण वऱ्हाडी अभिमान मिरवतो, त्यातली मिरचीही त्याच खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजाने आलेली! यजमान कोण, हेही एकदा विचारून पाहावे. १९७० पासून तेथील काही आदिवासी आभाराच्या त्याच दिवशी प्लिमथ गावी शोकदिन पाळतात. त्यांच्या दृष्टीने सारेच पाहुणे, आणि आगंतुक. आपल्या मुलखातही भोसल्यांच्या आधी देवगडचे गोंड राजे होते. मराठी आणि हिंदी यांच्यातला मानापमान मांडताना त्या जुन्या यजमानाच्या घरी आपले ताट कधी गेले काय?

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. अन्न भाषेपेक्षा चिवट असते. अमेरिकेतल्या स्पॅनिश घरांत अनेकदा नातवंडांच्या पिढीत घरची बोली जाते, तमाले मात्र राहतात. आपल्याकडेही पोर पुरणपोळी आवडीने खाते आणि "मम्मी, एक और देना" म्हणते. पोळी राहिली म्हणजे मराठी राहिली, अशी आपण समजूत करून घेतो. ती खोटी आहे. पोळ्याच्या तोरणाखाली झडती म्हणणारा कोणी उरला नाही, तर बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजतील, पण सण मुकाच होईल. ताट शेजारी पाठवताना ते मुलाच्या हाती द्यावे, आणि त्यात काय आहे हे त्याला मराठीत सांगता आले पाहिजे. त्यासाठी त्याला आधी ते स्वयंपाकघरात, आपल्या भाषेत, कोणीतरी सांगितलेले असावे लागते. सरकारी शाळेचे माध्यम आपल्या हाती नाही. चुलीपाशी कोणत्या भाषेत बोलावे, हे अजून तरी आहे.

या दिवाळीतही फराळाची ताटे भिंतीपलीकडे जातील. जरूर जावीत. त्यांच्या सोबत त्यातल्या पदार्थांची नावेही जावीत.