भिंतीवरचा चैत्र

वृद्धाश्रमाचा दिवस घड्याळावर चालतो. सकाळचा चहा, नाश्ता, गोळ्या, जेवण, वामकुक्षी, पुन्हा चहा, सायंप्रार्थना. उतारवयात ही शिस्त हवीच, तिच्यावर तब्येती टिकून असतात. पण या वेळापत्रकात माघ आणि चैत्र अगदी सारखे दिसतात. बाहेर कडुनिंबाला तांबूस पालवी फुटते, आंब्याचा मोहोर गळून बाळकैऱ्या धरतात, उन्हाचा रंग बदलतो. ज्यांचं चालणं खोलीपासून जेवणघरापर्यंतच उरलं आहे, त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

स्मरणशक्ती तपासण्यासाठी डॉक्टर एक छोटी प्रश्नावली वापरतात. 1975 साली अमेरिकेत फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी ती तयार केली आणि पुढे ती जगभर पसरली. एकूण गुण 30. त्यातले 5 गुण काळाच्या भानाचे आहेत : साल कोणतं, ऋतू कोणता, महिना कोणता, तारीख काय, वार कोणता. म्हणजे ऋतू ओळखता येणं हे मन जागं असल्याचं एक लक्षण मानलं गेलं आहे. मग ज्या माणसाला गेल्या कित्येक महिन्यांत ऋतू दिसलाच नाही, त्याने या प्रश्नाचं उत्तर आणायचं कुठून? माणूस बाहेर जाऊ शकत नसेल, तर ऋतू आत यायला हवा. त्यासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे रोज समोर दिसणारी भिंत.

काही ठिकाणी हे घडतंही. कुणी बाजारातून तयार फुलांच्या माळा आणून लावतं. कुणी कॉलेजची मुलं एका दुपारी येतात, छापील चित्रं वाटतात, आजी-आजोबा ती रंगवतात, फोटो निघतात. मुलांची माया खरी असते. पण जिने अर्धशतक घर चालवलं, सणवार निभावले, लग्नकार्यात पन्नास पानं एकहाती वाढली, तिच्यापुढे बालवाडीतलं फुलपाखरू आणि मेणाचे खडू ठेवले की तिच्या वयाचा आणि अनुभवाचा हिशेबच आपण पुसून टाकतो. म्हाताऱ्या माणसांना करमणुकीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त, आपलं काही कुणाच्या कामी येतंय या जाणिवेची भूक असते.

म्हणून भिंत सजवायचीच असेल, तर चित्र त्यांच्याकडून यावं. आपल्याकडे त्यासाठी चैत्रांगणासारखी देखणी गोष्ट तयार आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. तेवढे दिवस अंगणात चैत्रांगण काढायचं. मखरातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, स्वस्तिक, गोपद्म, कासव, नाग, तुळशीवृंदावन, कैरी, फणी, आरसा, हळदीकुंकवाचा करंडा, अंबारीचा हत्ती. काही घरांत 51 चिन्हं मोजून काढायची रीत आहे. ऐंशीच्या पुढच्या अनेक बायकांच्या बोटांत ही चिन्हं अजून शाबूत आहेत. अडचण फक्त गुडघ्यांची आहे, जमिनीवर बसून रांगोळी घालणं आता जमत नाही. मग अंगण टेबलावर घ्यावं. जाड खाकी कागदाला गेरू फासावा, वाळला की त्यावर पांढऱ्या रंगाने किंवा तांदळाच्या पिठाच्या दाट घोळाने चिन्हं काढावीत आणि कागद भिंतीवर चढवावा.

असा गेरूचा कागद टेबलावर पसरला की सुरुवातीला सगळ्या जणी हात मागे घेतात. ‘आता नाही हो जमत, हात थरथरतो.’ तेवढ्यात एखादी कार्यकर्ती आपल्या मनाने कासव काढायला घेते आणि पलीकडून आवाज येतो, ‘अगं, तशी नाही पाठ काढत. आण इकडे.’ काडीला कापूस गुंडाळून केलेला बोळा ती आजी हातात घेते. पहिली रेघ वाकडी जाते, दुसरी थोडी सावरते. बोटं एकदा वळणाला लागली की पाठीवरचे चौकोन, चार पाय, शेपटीचं टोक आपोआप उमटत जातं. शेजारची म्हणते, ‘आमच्याकडे कासवाच्या पाठीवर ठिपके द्यायचे.’ ‘आमच्याकडे नव्हते.’ आणि मग ‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे, कोणतं गाव, कोणती आळी, सासूबाई कशा होत्या, कैरीची डाळ कोण करायचं, पन्ह्यात गूळ की साखर, असं सगळं बाहेर यायला लागतं. एका खोलीत वर्षभर शेजारशेजारच्या खाटांवर झोपणाऱ्या दोघींना एकमेकींचं माहेर अशा वेळी कळतं. सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या आजीला चैत्रगौरीपुढची आरास बारकाव्यांसकट आठवते.

इथे कासव सुबक आलं की नाही हे गौण आहे. ते कसं काढायचं हे ठरवलं कुणी, याला महत्त्व आहे. 1976 साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका शुश्रूषागृहात एक प्रयोग केला. काही वृद्धांना सांगितलं, की तुमच्या खोलीचे, तुमच्या वेळेचे निर्णय तुम्ही घ्यायचे आहेत. त्यांना एकेक रोप दिलं आणि ते जपण्याची जबाबदारीही दिली. दुसऱ्या गटालाही रोपं मिळाली, पण त्यांची निगा परिचारिका राखतील, असं सांगितलं गेलं. काही आठवड्यांनी पहिल्या गटातली माणसं अधिक तरतरीत, अधिक हिंडती-फिरती आणि अधिक समाधानी दिसली. रोप दोन्हीकडे होतं, फरक होता तो जबाबदारी कुणाकडे याचा. आपल्या भिंतीलाही हेच लागू आहे. कर्मचाऱ्यांनी रात्री बसून लावलेली सुरेख सजावट आणि आश्रमवासीयांनी भांडत-वाद घालत उभी केलेली वेडीवाकडी सजावट, यांत दुसरीचं मोल कितीतरी जास्त.

चैत्र सगळ्यांचा एकसारखा नसतो, हेही भिंतीवर दिसावं. ‘हे बायकांचं काम’ म्हणून कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या आजोबांना विचारावं, ‘तुमच्या गावची जत्रा कधी असायची?’ कोल्हापूरकडचे असतील तर चैत्र पौर्णिमेची ज्योतिबाची यात्रा निघते, आणि सासनकाठी किती उंच, कशी तोलायची, गुलाल कसा उधळायचा हे सांगताना ते खुर्चीतून पुढे सरकतात. मग सासनकाठी त्यांनीच काढायची. कुणाच्या मनात 14 एप्रिलची मिरवणूक असेल, त्यांनी निळा झेंडा आणि पिंपळाचं पान लावावं. वसईकडच्या कुणा आजींना झावळ्यांचा रविवार आठवेल, त्यांच्या झावळीलाही जागा हवी. ज्यांचं सारं आयुष्य शेतात गेलं, ते कदाचित पळस, पांगारा आणि उन्हात तापलेली ढेकळं काढतील. एवढं सगळं शेजारीशेजारी आलं की ती भिंत त्या घराची होते.

बारीकसारीक गोष्टींतही त्यांची सोय बघावी. उतारवयात डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, निळे-जांभळे फिके रंग नीट उमगत नाहीत. गेरूवरची पांढरी रेघ मात्र ठळक दिसते. सजावट उभ्या माणसाच्या उंचीवर लावली तर चाकाच्या खुर्चीतल्याला मान वर करावी लागते. बसलेल्याची नजर जमिनीपासून साधारण चार फुटांवर असते, चित्रं त्या रेषेत हवीत. ज्यांना कात्री धरवत नाही त्यांनी हिरवा, तांबूस कागद हातानेच फाडून पालवी करावी, कणकेच्या खळीने ती चिकटवावी. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी नुसतं सांगावं, आपण काढावं. सांगणारा माणूसही त्या चित्राचा धनी असतो. आणि अक्षय्य तृतीया झाली की सजावट उतरवावी. वर्षभर धूळ खात राहिलेला वसंत पाहणाऱ्याला ऋतू सांगू शकत नाही. त्याच जागी ज्येष्ठात वटपौर्णिमेचा वड, आषाढात वारी, श्रावणात झोके येऊ द्यावेत. पुढच्या महिन्यात भिंतीवर काय लावायचं, याचा विचार आजच करणारा माणूस पुढच्या महिन्याची वाट पाहत असतो, आणि वाट पाहावी असं काहीतरी असणं ही म्हातारपणात लहान गोष्ट नाही.

वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा निमित्ताने आपण वृद्धाश्रमात जातो, जेवण देतो, फळं वाटतो, तासाभरात परततो. ते जरूर करावं. या चैत्रात मात्र सोबत एक जाड कागद, मूठभर गेरू आणि दोन तास मोकळा वेळ घेऊन जा. गेल्यावर शिकवायला सुरुवात करू नका. टेबलाशी बसा आणि विचारा, ‘तुमच्याकडे चैत्रात काय काय असायचं?’ मग आजी-आजोबा सांगतील तसं काढा, चुकलात तर त्यांना दुरुस्त करू द्या. आपल्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर हाच प्रश्न आज संध्याकाळी घरीच विचारा.