भाव येईपर्यंतची झोप

दिल्लीच्या हवेचं आता पुरे झालं. प्रदूषणाचा आकडा चारशेवर गेला, शाळा ऑनलाइन झाल्या, न्यायालयानं सरकारला झापलं. फुलसावंगीत बसून आपण हे सगळं दर हिवाळ्यात चवीनं पाहतो. पाहायला माझी ना नाही. माझा राग आहे तो पाहणारा ज्याला पाठ टेकून बसलेला असतो, त्या ढिगावर. बैठकीच्या खोलीत भाव येईपर्यंत साठवलेला, छताला भिडलेला कापूस, पायथ्याशी सतरंजी, सतरंजीवर म्हातारी आणि दोन नातवंडं. आणि घरधनी टीव्हीकडे बोट दाखवून हळहळतो, "कसे राहत असतील हो लोकं त्या दिल्लीत!"

इथे कसे राहतात, ते आधी पाहू. वेचून आणलेल्या कापसाबरोबर वाळक्या पानांचा चुरा येतो, बोंडाची टरफलं येतात, माती, बुरशी, जिवाणू आणि फवारणीचा उरलासुरला अंशही येतो. ढिगावर पोरं उड्या मारतात, नवीन गाठोडं वर फेकलं जातं, की हे सगळं हवेत. वरून पंखा. कोणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी पंख्याच्या पात्यांकडे जाते. घरच्यांना वाटतं पाहुणा छत न्याहाळतोय, आणि बायको मला कोपरानं ढोसते. पण पात्यांच्या कडेला साचलेली ती काळपट लव घराबद्दल जे सांगते, ते घरचे सांगत नाहीत. तीच धूळ झोपलेल्याच्या नाकात असते.

झोपेचं आणि धुळीचं वैर साधं आहे. आडवं झालं की नाकातली सूज वाढते, नाक चोंदतं, माणूस तोंडानं श्वास घेऊ लागतो आणि घसा कोरडा पडून खोकला सुटतो. दमेकऱ्याच्या श्वासनलिका तशाही पहाटेच्या सुमाराला जास्त आवळतात. अंगाला खाज सुटते तीही रात्रीच जास्त जाणवते. अशी झोप दर थोड्या वेळानं मोडते, पण सकाळी ते आठवत नाही. आठवतं एवढंच की आठ तास पडून होतो. मग मास्तर म्हणतात, पोरगं वर्गात पेंगतं. मोबाइलला शिव्या देऊन सगळे मोकळे होतात.

त्यातून खिडकी. डेन्मार्कमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात केलेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. बंद खोलीत रात्री कार्बन डायऑक्साइड अडीच हजार पीपीएमच्या आसपास चढत होता. हवा खेळती केल्यावर तो हजाराच्या आत राहिला, झोप सुधारली आणि दुसऱ्या दिवशी डोकंही बरं चाललं. तिथे खोलीत एकच विद्यार्थी होता. आपल्याकडे चौघं झोपतात आणि खिडकी कापसाच्या मागे कुठेतरी असते. होती, एवढं घरच्यांना आठवतं.

यावर सबबी अनेक आहेत. जागा नाही, खरं आहे. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे; दरवर्षी असतो. बापजाद्यांनी असाच ठेवला. त्यांच्या छातीचा एक्स-रे कोणी काढला नव्हता. या सबबी मी सोडून देतो. पण एक सबब मला सोडवत नाही: "आमाले सवय हाय."

हे वाक्य मी आजवर सलग ऐकलेलं नाही. "आमाले" आणि "सवय" यांच्यामध्ये खोकल्याची एक उबळ येते, ती ओसरली की वाक्य पुरं होतं. बोलणारा डोळे पुसतो आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चहा मागवतो. शिवाय हे वाक्य नेहमी घरधनीच म्हणतो. सतरंजीवरच्या म्हातारीला सवय झाली का, तिला कोणी विचारत नाही. तीन वर्षांच्या पोराला कोणत्या जन्मीची सवय असेल, देव जाणे. घरधन्याचं तरी काय? तो झोपतो ओसरीवर, मोकळ्या हवेत, बाज टाकून. का, तर राखणीला. कापूस चोरीला जाऊ नये म्हणून. म्हणजे ज्याला सवय झाली तो बाहेर, आणि ज्यांना झालेली नाही ते आत.

सवय होते ती नाकाला. सततचा वास बहुधा काही मिनिटांत जाणवेनासा होतो. फुप्फुसाचा हिशेब वेगळा. सूतगिरण्यांत कार्डिंगच्या, म्हणजे कापूस पिंजण्याच्या, खात्यात काम करणाऱ्यांना जडणाऱ्या रोगाचं नाव बिसिनोसिस. त्याची खोड अशी की रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामगार आला की छाती आवळायची, आणि आठवडा सरेल तसं बरं वाटायचं. कामगार म्हणायचा, सवय झाली. मालकही तेच म्हणायचा, त्याला ते सोयीचं होतं. वर्षं गेली, सोमवारचा त्रास मंगळवारी पोचला, मग आठवडाभर राहू लागला, आणि शेवटी जिना चढताना दम लागू लागला. सवय होत होती ती झिजण्याची.

घरातली धूळ गिरणीइतकी दाट नसते, हे मान्य. पण गिरणीला पाळी होती, भोंगा वाजला की कामगार बाहेर पडायचा. घराला भोंगा नाही. व्यावसायिक रोगांच्या कायदेशीर यादीत बिसिनोसिसची नोंद आहे. कारखान्यात तो आढळला तर कळवावं लागतं. घरातल्या खोकल्याची नोंद कुठे होणार?

आणि सवयीनं माणूस वाचत असता, तर 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले नसते. सवय त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला होती? तरी फवारणीचा पंप आणि अर्धी बाटली आजही त्याच खोलीच्या फळीवर दिसते. तिच्याशेजारी पुस्तकं.

आता डासांच्या कॉइलचा विषय माझ्याकडून निघणारच. घरचे म्हणतात, तो निघाल्याशिवाय माझं जेवण होत नाही. एका जळत्या कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलं गेलं. पण कापसाच्या खोलीत कॉइल कोणी लावत नाही, ठिणगी पडेल म्हणून. ती लावतात शेजारच्या खोलीत, बाळंतीण झोपते तिथे. दार बंद करून. कापसापुरती हवेची काळजी आपण चोख घेतो.

भावाची वाट पाहण्यात गैर काही नाही. 2022 च्या वसंतात कापूस क्विंटलला बारा हजारांच्या पुढे गेलेला सगळ्यांनी पाहिला. पुढच्या हंगामात सगळे दहा हजारांची वाट पाहत बसले, भाव खाली आले आणि कापूस उन्हाळ्यापर्यंत घरात राहिला. 2023 साली अंगाला खाज सुटल्याच्या बातम्या गावोगावहून आल्या. आपल्या मालावर डाव लावायचा हक्क शेतकऱ्याला आहे. व्यापारी लावतो, सरकारनंही आयात शुल्क काढून तोच लावला. पण डावावर आपलंच असलेलं लावावं. म्हातारीची झोप आणि पोरांची छाती ही घरधन्याची मालमत्ता नव्हे. त्यांना न विचारता ती लावणं, याला मी जुगार म्हणतो, आणि तोही दुसऱ्याच्या पैशानं खेळलेला.

हे लिहून झाल्यावर माझाही आवाज थोडा खाली येतो. ठेवायचा कुठे, हे विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 होता, तोही कागदावर. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांवर ओलावा निघाला की पैसे कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. कापसाचा ओलावा मोजायला यंत्र आहे, कापूस ठेवायला गावात गोदाम नाही. दारात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला हे सगळं ठाऊक असतं, म्हणून तो घाई करत नाही. त्याच्या घरात कापूस नसतो.

तेव्हा तत्त्व थोडं खाली घेतो. कापूस एका खोलीत ठेवा, माणसं दुसऱ्या. ते जमत नसेल तर खिडकीपुरती जागा सोडा, ढीग ताडपत्रीनं झाका, केर काढायचा तो ओल्या फडक्यानं आणि झोपायच्या वेळी नव्हे. पंख्याची पाती पुसा. माझ्यासाठी पुसा, निदान माझी बायको मला ढोसणार नाही. आणि यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, तर एकच करा. ओसरीवरची बाज म्हातारीला आणि पोरांना द्या, गोधड्या जास्तीच्या घाला, आणि घरधन्यानं आत कापसापाशी झोपावं. राखण आतूनही होते. शिवाय त्याला सवय आहेच.