धूळ न धरणारं उपकरण

परदेशी निघालेल्या माणसाने कोणता कॅमेरा न्यावा, हा प्रश्न दुकानात सुटतो असं आपण धरून चालतो. किंमत, मेगापिक्सेल, झूम आणि बॅटरी यांची तुलना झाली की पैसे मोजायचे. पण धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी नावाची टेकडी आहे. तिथून विचार सुरू केला, तर हाच प्रश्न धर्माच्या पोटातला निघतो. कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनींना इथे मोक्ष मिळाला, अशी श्रद्धा आहे. अपरिग्रहाचं टोक गाठणाऱ्यांची ही जागा. तरीही अंगावर सूतसुद्धा न ठेवणाऱ्या दिगंबर मुनीच्या हाती मोरपिसांची पिंछी असते, सोबत कमंडलू असतो आणि स्वाध्यायासाठी शास्त्र असतं. परंपरा या तिन्हींना परिग्रहात मोजत नाही. पिंछी हे संयमाचं उपकरण, कमंडलू शुचितेचं आणि शास्त्र ज्ञानाचं. म्हणजे सर्वस्व सोडलेल्या माणसालाही काहीतरी हातात धरावंच लागतं, आणि ते निवडताना उपकरण कुठे संपतं व परिग्रह कुठे सुरू होतो हे ठरवावं लागतं. दूरच्या प्रवासाला निघालेल्याच्या बॅगेतला कॅमेरा याच सीमेवर उभा असतो.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. ‘हे माझं’ या भावनेने माणसाचं भान हरपतं, तो परिग्रह. ही व्याख्या सूक्ष्म आहे आणि तिच्यात धोकाही आहे. मन अलिप्त आहे, मग कपाट भरलं तरी काय बिघडलं, असा सोयीचा अर्थ तिच्यातून काढता येतो. परंपरेला हा धोका दिसला असावा, कारण तिने सगळा भार मनावर टाकला नाही. वस्तू कशी असावी हेही सांगितलं. मूलाचार या आचारग्रंथात पिंछीचे पाच गुण सांगितले आहेत: ती धूळ धरत नाही, घाम शोषत नाही, मऊ असते, सुकुमार असते आणि हलकी असते. शिवाय मोर पिसं आपणहून टाकतो, त्यामुळे ती मिळवताना कुणाला इजा होत नाही. या यादीत दिसण्याचा, दुर्मिळतेचा किंवा मोलाचा उल्लेखच नाही. प्रत्येक गुण मुनीच्या मनावरचं काही ना काही ओझं कमी करणारा आहे. धूळ धरणारी वस्तू झटकत बसावी लागते, ओलावा शोषणारी वाळवत बसावी लागते, जड वस्तू सांभाळावी लागते. आणि सांभाळता सांभाळता मूर्च्छा आत शिरते. आसक्ती बहुतेक वेळा निगराणीच्या वाटेने येते, हे त्या जुन्या आचारकारांनी नेमकं ओळखलं होतं.

हीच कसोटी कॅमेऱ्याला लावू. टणक उपकरणांवर आज ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. आधी रज, मग स्वेद. क्रम मूलाचारातलाच आहे. हा योगायोग आहे, पण दोन्हीकडची गरज एकच असल्यामुळे तो निरर्थक वाटत नाही. कुंथलगिरीच्या परिसरातल्या बालाघाट पठारावरच्या धुळीतून आणि उन्हातून निघालेला माणूस विमानातून उतरतो तो एकदम पावसात, बर्फात किंवा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. थंडीतून ऊबदार खोलीत आलेल्या काचेवर दव धरतं. म्हणून आत येण्याआधीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तासभर तसाच ठेवायचा असतो. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात दर बदलाला धुळीला दार उघडतं. दोन लेन्स, चार्जर, जादा बॅटऱ्या आणि या सगळ्याची पिशवी असा संसार वाढत जातो, आणि जादा लिथियम बॅटऱ्या विमानात जमा करायच्या सामानात टाकून चालत नाहीत, हातातल्या पिशवीतूनच न्याव्या लागतात. महागडं उपकरण नेताना निघण्यापूर्वी कस्टमकडून त्याच्या क्रमांकासह दाखला घेण्याची सोय आहे, म्हणजे परत येताना त्यावर शुल्काचा प्रश्न उठत नाही. सोय चांगली आहे. पण ज्या वस्तूसाठी असा कागद जपावा लागतो, ती आपल्याला सांभाळते की आपण तिला, हे त्या खिडकीसमोर स्वतःला विचारायला हवं.

लहान आणि टणक कॅमेऱ्यांतही निवड सरळ नाही, आणि इथे तपशिलात शिरलं पाहिजे. ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा २०२३ मधला कॅमेरा सुमारे २४९ ग्रॅमचा आहे. तो १५ मीटर पाण्याखाली, उणे १० अंश थंडीत आणि २.१ मीटरवरून पडल्यावरही चालावा अशी त्याची बांधणी आहे. रिकोचा जीआर-३ हा २०१९ मधला कॅमेरा २५७ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास तेवढ्याच वजनाचा. पण त्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर पहिल्यापेक्षा साधारण १३ पट मोठा आहे. संध्याकाळच्या अंधुक गल्लीत तो जे टिपेल, ते पहिल्याला जमणार नाही. मात्र धूळपाण्याला अडवणारं सीलबंद अंग त्याला नाही, आणि लेन्सही एकच, झूमशिवाय. लहान सेन्सर घेणारा काही गमावतो हे मान्य करायलाच हवं. ते लपवून केलेला त्यागाचा उपदेश अप्रामाणिक ठरेल. ज्याचं कामच छायाचित्रण आहे, त्याच्यासाठी मोठा कॅमेरा आणि तीन लेन्स हे उपकरणच आहे, जसं मुनीला शास्त्र. पण मुलाकडे सहा महिने राहायला अमेरिकेत निघालेले आईवडील, शिकायला निघालेली मुलगी, आठ दिवसांच्या सहलीला निघालेलं कुटुंब यांच्यासाठी माझा कौल पहिल्या प्रकाराला आहे. चित्र थोडं कमी बारकाव्याचं येईल, पण नातवाच्या हातात तो निर्धास्तपणे देता येईल. जी वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना छातीत धस्स होतं, तिच्याबाबत मूर्च्छा आली आहे की नाही याचा वेगळा पुरावा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की महाव्रत्याचा नियम संसारी माणसाला लावणं हा विपर्यास आहे. आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचं उत्तर जैन परंपरेनेच देऊन ठेवलं आहे. श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थ जैनासाठी, परिग्रह-परिमाण हे अणुव्रत आहे. त्यात सर्वस्व सोडायचं नसतं, आपल्या कुवतीप्रमाणे मर्यादा आखायची असते, आणि ती मोहाच्या क्षणाआधी आखायची असते. श्रावकाच्या दिग्व्रतात तर प्रवासाच्या दिशांनाही अशीच मर्यादा घातली जाते. काय घ्यायचं याच्या कितीतरी आधी कुठवर जायचं आणि कशासाठी जायचं, हे ठरवण्याची ती शिस्त आहे. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी एवढं वजन, एवढी रक्कम आणि एकच नग असं ठरवून जाणारा गृहस्थ मुनीची नक्कल करत नाही. तो स्वतःच्या पायरीवरचं व्रत पाळतो आहे.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: खिशात मोबाइल असताना वेगळा कॅमेरा घेणं हाच परिग्रह नव्हे का? काही प्रवाशांच्या बाबतीत याचं उत्तर ‘हो’ असंच आहे, आणि त्यांनी कॅमेरा घेऊ नये. पण मोबाइल ही एक वस्तू दिसत असली तरी तिच्यात दहा वस्तू कोंबलेल्या आहेत. परक्या देशात तिकीट, पैसे, नकाशा, मुक्कामाचा पत्ता आणि घरच्यांशी बोलणं हे सगळं तिच्यावर टांगलेलं असतं. ती पाण्यात पडली किंवा कुणी हिसकावली, तर माणूस उघडा पडतो. शिवाय फोटो काढायला ती उचलली की आलेला निरोप दिसतो, आणि समोरचा डोंगर मागे पडतो. उपकरणाची खूण ही की त्याला नेमून दिलेलं काम असतं. पिंछीने मुनी जागा झाडतो, जीवजंतू अलगद बाजूला करतो. कमंडलूचं काम तिच्याकडे नसतं. एकच काम करणारी छोटी वस्तू सर्व कामं करणाऱ्या वस्तूपेक्षा मनाला कमी गुंतवते, ही गोष्ट मोजदादीच्या हिशेबात बसत नाही, पण मूर्च्छेच्या हिशेबात बसते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे, आणि तो लहान-मोठ्या प्रत्येक कॅमेऱ्याला लागू पडतो: टिपण्याच्या नादात पाहणंच राहून जातं. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठात लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयातल्या वस्तूंवर प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वस्तू नुसत्या पाहायच्या होत्या, काहींचे फोटो काढायचे होते. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील कमी आठवले. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं, तेव्हा ही घट दिसली नाही. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण दोन्ही वेळा यंत्र तेच होतं आणि फरक अवधानात होता. मुनीच्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावध वागण्याच्या नियमांपैकी, एक आदान-निक्षेपण समिती आहे: कोणतीही वस्तू पाहून, सांभाळून उचलायची आणि तशीच खाली ठेवायची. उपकरण जवळ बाळगण्याची परवानगी या शिस्तीशी जोडलेली आहे. प्रवाशासाठी तिचा अर्थ उघड आहे. आधी डोळ्यांनी पाहावं, मग उचलावं, आणि काम झालं की खिशात ठेवावं. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलमध्ये फोटो काढायला मनाई आहे. असा नियम पाळताना ज्याचा हात चडफडत नाही, त्याची निक्षेपण समिती शाबूत आहे. लहान कॅमेऱ्याचा इथे खरा उपयोग होतो. तो ठेवून देणं सोपं असतं. गळ्यात लोंबणारा मोठा कॅमेरा खाली ठेवायला जागाच नसते.

पाहण्यातला हा धोका कुंथलगिरीच्या कथेत मुळापासून आहे. कुलभूषण आणि देशभूषण हे राजपुत्र विद्याध्ययन संपवून घरी परतत होते. प्रासादाच्या गवाक्षात उभी असलेली एक मुलगी दोघांनीही पाहिली आणि दोघांच्याही मनात तिला मिळवण्याची इच्छा उठली. ती आपली बहीण आहे हे कळलं, तेव्हा त्या एका नजरेच्या पश्चात्तापातून त्यांनी संसार सोडला. त्यांच्या डोळ्यांनी काही चोरलं नव्हतं, फक्त पाहिलं होतं. पण पाहिलेलं आपलं असावं ही ओढ क्षणात जागी झाली. परक्या देशातल्या बाजारात, स्मशानात, देवळाच्या पायरीवर अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखणाऱ्याला ही कथा फार जवळची वाटायला हवी.

आणि याच टेकडीवर पाहण्याचं दुसरं रूपही आहे. दिगंबर मुनी आचार्य शांतिसागर महाराजांची दृष्टी उतारवयात क्षीण झाली. पायाखालचा जीव दिसेना, म्हणजे चालताना अहिंसा पाळता येईना. त्यांच्यासाठी डोळ्यांचं पहिलं काम समोरच्या जीवाला जपणं हे होतं. ते काम थांबल्यावर त्यांनी कुंथलगिरीवर १४ ऑगस्ट १९५५ रोजी सल्लेखना, म्हणजे आहार सोडून देह ठेवण्याचं व्रत, घेतली आणि छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, देह ठेवला. त्याआधी सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरच्या संध्याकाळी, त्यांनी मराठीत शेवटचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित करण्यात आला. सारं सोडलेल्या माणसासमोर ते यंत्र सुमारे २२ मिनिटं चाललं, मग उचलून नेलं गेलं. महाराज होते तसेच, काही जवळ न बाळगता, तिथे राहिले. त्यांचा मराठी आवाज आजही ऐकता येतो.